फ्लामेंकोच्या हाताला कोणते क्लासिकल द्यावे

अकरा वर्षे फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाण्या-नाचाच्या परंपरेतली, गिटार वाजवल्यानंतर मी जी पहिली क्लासिकल रचना शिकायला घेतली, ती इसाक आल्बेनिस यांची ‘आस्तुरियास’ होती. ती निवड चुकली, आणि ती नेमकी कोठे चुकली हे कळायला मला जवळजवळ आठ महिने लागले. शनिवारी आणि रविवारी इंदिरानगरमध्ये माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी दोघे आता त्याच उंबरठ्यावर उभे आहेत. त्यांचे रास्गेआदो (बोटे झटकून सगळ्या तारा एकत्र छेडणे) स्वच्छ वाजते, पिकादोला (एकेका स्वराच्या धावत्या वादनाला) वेग आला आहे, सोलेआ या फ्लामेंको प्रकाराच्या बारा मात्रा अंगात भिनल्या आहेत आणि आता त्यांना काहीतरी क्लासिकल वाजवायचे आहे. त्यांना मी तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते येथे सलग लिहून ठेवत आहे.

‘आस्तुरियास’चा मोह पडतो याला कारण आहे. आल्बेनिस यांनी ही रचना १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पियानोसाठी, जी मायनरमध्ये, एका संचाचे प्रास्ताविक म्हणून लिहिली. १९०९ मध्ये ते वारले आणि त्यानंतर एका जर्मन प्रकाशकाने ती दुसऱ्याच संचात घालून तिला हे नाव दिले. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेकडचा प्रांत आहे, पण रचनेतले संगीत दक्षिणेकडच्या आंदालुसियाचे, म्हणजे फ्लामेंकोच्या मातीतले आहे. पियानोने गिटारची नक्कल करावी अशाच बेताने ती लिहिलेली असल्यामुळे गिटारवर इ मायनरमध्ये आणली की ती जणू माहेरी येते. अंगठा खर्जाच्या तारांवर सुरावट फिरवतो आणि वरची मोकळी बी तार सतत टोचत राहते. फ्लामेंको वाजवणाऱ्याचा अंगठा हे त्याचे सर्वांत कमावलेले बोट असते, त्यामुळे पहिले पान माझ्या हातात तीन आठवड्यांत आले आणि तेही चांगल्या वेगात. मला वाटले, क्लासिकल तर जमले.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याने अनेक वर्षे गाणे शिकवले आहे. एका रविवारी तिच्यासमोर मी ही रचना पूर्ण वाजवली. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, “हात छान चालतोय गं तुझा. पण यात गातंय कोण?” मला प्रश्न कळला नाही. मग तिने मधला संथ भाग पुन्हा वाजवायला लावला. त्या भागात ताल जवळजवळ थांबतो आणि एकच सुटी सुरावट उरते. “हे तर भैरवीच्या अंगानं चाललंय. भैरवी अशी एकेक सूर आपटत म्हणतात का? दोन सुरांच्या मध्ये काय आहे ते कुठंय?”

दोन सुरांच्या मध्ये माझ्याकडे काहीच नव्हते. फ्लामेंकोमध्ये गाणारा गातो, नाचणारा नाचतो आणि गिटार त्या दोघांना पाठ देते. गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत गिटारवादक आपली फाल्सेता, म्हणजे छोटी सुरावट, वाजवतो आणि पुन्हा मागे सरतो. या कामासाठी स्वर टोकदार हवा, चटकन उमटणारा आणि चटकन विरणारा हवा, टाचांच्या आणि टाळ्यांच्या आवाजातून वर येणारा हवा. माझ्या हाताने अकरा वर्षे तेच कमावले होते. क्लासिकल गिटारला मात्र स्वतःच गायचे असते, स्वतःच साथ करायची असते आणि ऐकणाऱ्याला ते दोघे वेगवेगळे ओळखू यावे लागतात. ‘आस्तुरियास’च्या पहिल्या पानाने मला यातले काहीच मागितले नव्हते, किंवा मागितले असले तरी मला ते ऐकू आले नव्हते, कारण हाताला जे आधीच येत होते त्यावरच ते पान निभावून गेले. ज्या भागाने खरी मागणी केली तो मधला भाग मी पुढच्या वेगवान भागाची वाट पाहत कसाबसा उरकत होते.

तेव्हापासून मी रचना निवडताना एकच गोष्ट पाहते: माझ्या हाताला जे येत नाही ते ही रचना मागते का? त्याच्या जोडीला आणखी एक सवलत मी स्वतःला आणि विद्यार्थ्यांना देते. रचनेत एक तरी ओळखीचे दार असावे. तो ताल असेल, अंगठ्याचे काम असेल किंवा सुरांचा रंग असेल, पण ते दार एकच असावे. सगळीच दारे ओळखीची असली की आपण आपल्याच घरात फिरत राहतो, आणि एकही ओळखीचे नसले की महिन्याभरात पुस्तक कपाटात जाते.

या कसोटीवर मला पहिली रचना सापडली ती फ्रान्सिस्को तार्रेगा यांची ‘लाग्रिमा’. लाग्रिमा म्हणजे अश्रू. अवघ्या एका पानाची ही रचना नवशिक्यांना देतात म्हणून वेगवान हातांचे वादक तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि मीही पाहिले नव्हते. सुरुवातीला पहिल्या तारेवर चौथ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर सुरावट चढते, तिच्या सोबतीने चौथ्या तारेवर दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर खर्ज चढतो आणि त्या दोघांच्या मध्ये मोकळी बी तार हलकेच वाजत राहते. एवढेच आहे. पण वरचा स्वर पुढच्या स्वराला भेटेपर्यंत जिवंत राहायला हवा, खर्ज त्याच्याइतकाच सलग पण त्याच्यापेक्षा दबका हवा, आणि मधली बी तार तर असून नसल्यासारखी हवी. फ्लामेंकोत हीच मोकळी तार आपण मुद्दाम खणखणीत वाजवतो. माझी बी तार पहिले दोन आठवडे सुरावटीपेक्षा मोठी वाजत होती आणि मला ते रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत कळले नव्हते. फोनवर स्वतःचे वादन रेकॉर्ड करून ऐकण्याची सवय मला या रचनेने लावली. तिचा दुसरा भाग इ मायनरमध्ये जातो आणि तेथे डाव्या हाताने बार धरून, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबून, वरची सुरावट सलग ठेवावी लागते. रोज पाऊण तास या दराने मला या एका पानाला अडीच महिने लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असे मला वाटत नाही. ‘आस्तुरियास’चे पहिले पान तीन आठवड्यांत आले होते, हे येथे आठवावे.

‘लाग्रिमा’सोबत उजव्या हाताचे काही काम स्वतंत्रपणे करावे लागते. फ्लामेंकोमध्ये पिकादो आणि अंगठा आपण बहुतेक वेळ आपोयांदो वाजवतो, म्हणजे तार छेडून बोट शेजारच्या तारेवर विसावते. त्यातून भरीव आणि आघाती स्वर येतो, पण शेजारची तार त्याच क्षणी बंद पडते. दोन-तीन आवाज एकत्र जिवंत ठेवायचे असले तर बोट शेजारच्या तारेला न लागता हवेत यायला हवे, त्याला तिरांदो म्हणतात. आपल्याला तिरांदो येतेच, अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून छेडणे) आपण तसेच वाजवतो, पण त्यात आवाजाचे वजन कमावलेले नसते. त्यासाठी माउरो जुलियानी यांचे उजव्या हाताचे १२० व्यायाम अजूनही उत्तम आहेत. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या व्यायामांत डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्ड आहेत, त्यामुळे सगळे लक्ष उजव्या हाताकडे देता येते. सगळे १२० करण्याची गरज नाही. दहा-बारा निवडावे, ते फार हळू वाजवावे आणि दर वेळी ठरवून वेगवेगळ्या बोटाचा स्वर मोठा करावा. आज अनामिका गाईल, उद्या मधले बोट गाईल, बाकीचे दबून राहतील. रास्गेआदोमुळे अनामिकेत जोर असतो, पण ताबा नसतो.

याच कामाचे सुंदर संगीत झालेले ऐकायचे असेल तर फर्नांदो सोर यांच्या ओपस ३५ मधला बावीसावा अभ्यास घ्यावा. सोर १७७८ साली बार्सिलोनात जन्मले आणि १८३९ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या अभ्यासांमधून स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविया यांनी निवडलेल्या वीसांमध्ये हा पाचवा आहे. बी मायनरमधली ही रचना कागदावर अगदी साधी दिसते आणि कानाला एकामागून एक सारखे स्वर ऐकू येतात. नीट पाहिले की त्या सारख्या स्वरांमध्ये वरची सुरावट, मधली साथ आणि खालचा खर्ज असे तीन पदर निघतात. फ्लामेंकोच्या हाताने ती वाजवली की सुरेख अर्पेजिओ होतो आणि रचना हरवते. माझा एक विद्यार्थी ती चार दिवसांत पाठ करून आला होता. मी त्याला फक्त वरची सुरावट वाजवायला सांगितली आणि त्याला ती सापडेना. पुढचा दीड महिना आम्ही ती सुरावट आधी गुणगुणायची, मग एकटी वाजवायची, मग खर्जासोबत वाजवायची आणि सर्वांत शेवटी मधले स्वर भरायचे या क्रमाने गेलो. आता तो ती वाजवतो तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवते.

एक व्यावहारिक सूचना येथेच देते. फ्लामेंको वादक बहुतेक वेळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवतो, त्यामुळे पहिल्या फ्रेटजवळचे रुंद अंतर त्याच्या डाव्या हाताच्या सवयीचे नसते. क्लासिकल रचना कॅपोशिवाय वाजवायच्या असतात. मी नवी रचना पहिले काही दिवस दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून बसवते, मग पहिल्यावर आणते आणि शेवटी काढून टाकते, आणि मनगट दुखण्याची तक्रार या क्रमाने गेल्यास होत नाही असा माझा अनुभव आहे. मोकळी आणि दाबलेली तार यांचे नाते कॅपोने बिघडत नाही, त्यामुळे बोटे तीच राहतात.

वाद्याचा प्रश्नही लवकर येतो. फ्लामेंको गिटारची पाठ आणि बाजू परंपरेने सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या असतात आणि तारा फ्रेटच्या अगदी जवळ बसवलेल्या असतात. जोरात वाजवताना तार किंचित खरखरते, आणि ती खरखर फ्लामेंकोमध्ये स्वराचाच भाग मानली जाते. क्लासिकल गिटारसाठी पाठीला आणि बाजूंना भारतीय शिसव जगभर वापरले जाते. तिचा स्वर गडद असतो आणि जास्त काळ टिकतो. आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातले लाकूड स्पेनच्या वाद्याचा आवाज झाले याचे मला नेहमी अप्रूप वाटते. तरीही दुसरे वाद्य लगेच विकत घेऊ नये असेच मी सांगते. सायप्रसच्या गिटारवर ‘लाग्रिमा’ सलग वाजवता आली तर शिसवीच्या गिटारवर ती सहज येईल, उलट प्रवास तितका खात्रीचा नाही. फक्त खरखर टाळण्यासाठी हात हलका ठेवावा लागतो, आणि हलका हात तर आपल्याला हवाच आहे.

या दोन-तीन रचनांनंतर लोकांसमोर वाजवता येईल असे काहीतरी हवे असते, आणि तेथे माझी ठाम शिफारस गास्पार सान्स यांच्या ‘कानारिओस’ची आहे. सान्स यांचा गिटारवरचा ग्रंथ १६७४ मध्ये सारागोसा येथे निघाला. त्या काळच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या होत्या आणि त्या ग्रंथात रास्गेआदो आणि सुटे स्वर अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत. क्लासिकल आणि फ्लामेंको अशी फारकत होण्याच्या कितीतरी आधीचे हे संगीत असल्यामुळे त्यात आपल्याला पाहुण्यासारखे वाटत नाही. ‘कानारिओस’ हा कॅनरी बेटांच्या नावाचा नाच आहे आणि त्यात सहा-आठ आणि तीन-चार या दोन मापांची अदलाबदल होत राहते. सहा-आठच्या एका बारमध्ये (येथे बार म्हणजे मापाचे एक आवर्तन) तीन-तीन असे दोन गट पडतात आणि तीन-चारच्या एका बारमध्ये दोन-दोन असे तीन गट पडतात. हे दोन बार एकापाठोपाठ आले की तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी बारा मात्रांची विभागणी होते. सोलेआ आणि बुलेरीआस या प्रकारांच्या कोंपासमध्ये, म्हणजे तालचक्रात, बारा, तीन, सहा, आठ आणि दहा या मात्रांवर जे आघात येतात, त्यांची विभागणी नेमकी हीच आहे.

हे मला पुस्तक वाचून सुचले नाही. महात्मा नगरमध्ये कथक शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गावर मी अधूनमधून साथीला जाते. एकदा वर्ग सुरू होण्याआधी मी कोपऱ्यात ‘कानारिओस’ घोकत बसले होते आणि ती घुंगरू बांधता बांधता हातावर मोजत होती. “हे बारा आहे, पण एकताल नाही,” ती म्हणाली. एकतालात बारा मात्रा दोन-दोनच्या सहा विभागांत येतात, धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, आणि हा चढ-उतार तिच्या पायांत मुरलेला आहे. तिने ठेका तोंडाने सुरू ठेवला आणि पायाने माझे आघात घेतले. पहिले तीन-तीन मात्रांचे तुकडे तिच्या विभागांना छेदून गेले आणि शेवटचे तीन दोन-दोन तिच्याशी जुळून समेवर आले. तिच्या विद्यार्थिनी दारात थांबून ऐकत होत्या. त्या दिवशी मला ‘कानारिओस’मध्ये काय वाजवायचे आहे ते कळले: दोन मापांमधला तणाव ऐकू यायला हवा, आणि तो जोराने वाजवून ऐकू येत नाही. सहा-आठच्या बारमधल्या चौथ्या मात्रेला थोडेसे वजन आणि तीन-चारच्या बारमध्ये तीच चौथी मात्रा अगदी हलकी, एवढ्यावर ते सगळे उभे आहे. फ्लामेंको वादकाला येथे ताल शिकावा लागत नाही, हे त्याचे ओळखीचे दार. सुरावटीचे दोन आवाज एकमेकांना उत्तर देतात ते स्पष्ट करणे, प्रत्येक आवर्तनाला आवाजाचा रंग बदलणे, पुलाजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा बांधलेल्या असतात तेथे, वाजवून धातूसारखा आणि फ्रेटबोर्डाकडे सरकून मऊ स्वर काढणे, हे त्याला नव्याने शिकावे लागते.

आता तार्रेगांच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’विषयी, कारण ‘आस्तुरियास’ खालोखाल सर्वांना तीच वाजवायची असते. १८९६ मधली ही रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत ट्रेमोलोवर, म्हणजे एकच स्वर बोटांनी भरभर पुन्हापुन्हा छेडण्यावर, चालते. क्लासिकल ट्रेमोलोमध्ये अंगठ्यानंतर अनामिका, मधले बोट आणि तर्जनी असे तीन स्वर येतात. फ्लामेंकोच्या ट्रेमोलोमध्ये अंगठ्यानंतर तर्जनी, अनामिका, मधले बोट आणि पुन्हा तर्जनी असे चार येतात. तो एक जास्तीचा स्वर हाताच्या आठवणीतून काढणे हे नवीन ट्रेमोलो शिकण्यापेक्षा अवघड आहे, कारण हात दमला की तो आपोआप परत येतो. शिवाय आपला अंगठा ट्रेमोलोमध्येही आपोयांदो वाजवायला धावतो आणि या रचनेत अंगठा स्वतःच एक पूर्ण साथ वाजवत असतो, तारांवरून पुढेमागे फिरत असतो. ती शिकूच नये असे मी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षी शिकावी आणि त्याआधी मातेओ कार्कासी यांच्या ओपस ६० मधला सातवा अभ्यास संथ लयीत पक्का करावा. तार्रेगांची स्पॅनिश रंगाची मोठी रचना लवकर हवी असेल तर ‘काप्रिचो आराबे’ घ्यावी. त्यात सहावी तार इ वरून डी वर उतरवावी लागते. मधल्या धावत्या सुरावटींमध्ये पिकादोची मेहनत उपयोगाला येते, पण लगेच पुढच्या ओळीत सुरावट इतकी गाती होते की तोच हात क्षणात मऊ करावा लागतो. टोकदार आणि मऊ यांची ही अदलाबदल एका पानात अनेकदा होते, म्हणून फ्लामेंकोच्या हातासाठी तिच्याइतकी उपयोगी रचना मला दुसरी माहीत नाही.

माझ्या काही फ्लामेंकोप्रेमी मित्रांना हा सगळा उद्योग पटत नाही. हात मऊ पडेल, अंगठ्याचा दम जाईल, असे ते काळजीने सांगतात. त्यांना मी रामोन मोन्तोया यांच्या १९३६ मधल्या पॅरिसच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला सांगते. ज्या अर्पेजिओंना आणि ट्रेमोलोला आज आपण फ्लामेंकोचे मानतो, ते मोन्तोयांनी त्यांच्या काळातल्या क्लासिकल गिटारवादकांकडून घेऊन आपल्या पद्धतीत मुरवले. पाको दे लुसिया यांनी १९९१ मध्ये होआकिन रोद्रिगो यांचा आरांखुएस कॉन्सर्टो वाद्यवृंदासोबत वाजवला, तो फ्लामेंको वादकाच्या हाताने, आणि त्यातली लय तशी दुसऱ्या कोणाकडे ऐकू येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ‘लाग्रिमा’नंतर माझी सोलेआ संथ झाली. फाल्सेताच्या शेवटच्या स्वराला मी आता त्याचा पूर्ण वेळ देते.

काही रचनांबद्दल थोडक्यात. अज्ञात रचनाकाराचा ‘रोमान्स’ वाजवायला हरकत नाही, त्यात अनामिका गाते आणि दुसऱ्या भागातले बार डाव्या हाताला उपयोगाचे आहेत, पण त्यावर फार काळ रेंगाळू नये. एर्नेस्तो लेकुओना यांची ‘मालागेन्या’ मुळात पियानोची आहे आणि ती फ्लामेंकोच्या हाताला नवीन काही शिकवत नाही. हेइतोर व्हिला-लोबोस यांचा १९४० मधला पहिला प्रेल्युड मात्र अवश्य घ्यावा. त्यात सुरावट खर्जाच्या तारांवर आहे आणि ती अंगठ्याने गायची आहे. आपला अंगठा बोलतो फार चांगला, त्याला गायला लावणारी ही रचना आहे. बाख यांच्याकडे मी अजून गेलेले नाही. इ मायनर सूटमधली बूरे घरात रोज उघडी असते, पण दोन स्वतंत्र आवाज शेवटपर्यंत सारख्या मानाने वाजवण्याइतका माझा हात अजून तयार नाही, आणि बाखचे संगीत अर्धवट वाजवायला माझे मन घेत नाही.

होआकिन तुरिना यांच्याकडे जाताना सांभाळून जावे. ते १८८२ साली सेव्हियामध्ये जन्मले आणि त्यांच्या गिटार रचनांची नावेच आपल्याला बोलावतात: ‘सेवियाना’, ‘फांदांगियो’, आणि तार्रेगांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये लिहिलेल्या जोडरचनेतले ‘गार्रोतिन’ आणि ‘सोलेआरेस’. नावे ओळखीची असली तरी हे फ्लामेंको नव्हे. फ्लामेंको ऐकत मोठ्या झालेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या रचनाकाराने दुरून केलेले ते स्मरण आहे. ‘सोलेआरेस’ कोंपासच्या आघातांनी वाजवली की मोडते, हे मी करून पाहिले आहे. कागदावरच्या लयीच्या खुणा जशाच्या तशा पाळल्या तेव्हाच ती उभी राहिली. यासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, वाचता यायलाच हवे. फ्लामेंको आपण कानाने आणि समोर बसून शिकतो, पुढे टॅबवर (तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लिपीवर) शिकतो आणि टॅबमध्ये कोणते बोट कोठे ते कळते, पण कोणता स्वर किती वेळ धरायचा आणि तो कोणत्या आवाजाचा भाग आहे ते कळत नाही. मी तिशी ओलांडल्यावर नोटेशन शिकले. रोज चार ओळी, न चुकता, पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत.

त्या वाचनाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे सध्या माझ्या स्टँडवर असलेली मान्युएल दे फाया यांची रचना. क्लोद दब्युसी १९१८ मध्ये वारले आणि १९२० मध्ये फाया यांनी त्यांच्या स्मरणार्थ गिटारसाठी ही छोटी रचना लिहिली. एकट्या गिटारसाठी त्यांनी लिहिलेली मूळ रचना ही एवढीच. दोनच वर्षांनी, जून १९२२ मध्ये, ग्रानादाच्या आलाम्ब्रामध्ये फ्लामेंको गायनाची जी प्रसिद्ध स्पर्धा झाली, तिच्या उभारणीत कवी लोर्का यांच्यासोबत फाया होते. सच्चे फ्लामेंको गाणे लोपेल या काळजीने त्यांनी ते केले. त्यामुळे ही रचना वाजवताना दोन्ही घरे ओळखणाऱ्या माणसाने आपल्यासाठी काहीतरी लिहून ठेवले आहे असे मला वाटते. तिची सुरुवात एफ आणि इ या दोन लागून असलेल्या सुरांनी होते. सोलेआमध्ये आपण ज्या उतारावर विसावतो तोच हा उतार, आणि आत्याच्या भाषेत कोमल रिषभावरून षड्जावर येणे. लय मात्र हाबानेरा या क्युबन नाचाची, संथ आणि न हलणारी. जवळजवळ प्रत्येक स्वरावर काही ना काही खूण आहे: हा दाबून, हा सोडून, हा हळू होत, हा एकदम मोठा. तीन-साडेतीन मिनिटांच्या या रचनेत वेगाचा एकही प्रसंग नाही. माझ्या अकरा वर्षांच्या रास्गेआदोला आणि पिकादोला येथे काही काम नाही, आणि तरीही तो एफ-इ चा उतार कसा लागायला हवा हे मला फ्लामेंकोमुळेच कळते.

मागच्या महिन्यात मी ती आत्याला ऐकवली. तिने मधे थांबवले नाही. शेवटी दब्युसी यांच्या ग्रानादावरच्या पियानो रचनेतला एक तुकडा क्षणभर ऐकू येतो आणि विरतो, त्यानंतर ती म्हणाली, “तो शेवटून दुसरा सूर लवकर सोडतेस.” तिचे बरोबर होते. तेथे डावा हात पुढच्या जागेकडे आधीच निघतो. गेले दहा दिवस मी फक्त शेवटच्या चार ओळी घेऊन बसते आहे, मेट्रोनोम चाळीसवर ठेवून, आणि काल रात्री तो सूर पहिल्यांदा पुढच्या सुरापर्यंत पोचला.